वहीत तिचंच पान नव्हतं: ८४ वर्षांच्या एका नर्सची केस

आधीच सांगते, ही केस माझ्या आत्याची आहे. तिला विचारून लिहितेय, लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं, तिनं तीन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या त्या केल्यात. नाव-गाव कुठलंच टाकत नाही. मी पण नर्सच, २२ वर्षं झाली, त्यातली बरीचशी मेडिसिन वॉर्डला गेली, आणि तरी जे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं ते मला तीन महिने कळलं नाही, म्हणून वॉर्डात केस लिहितो तसं सगळं सुरुवातीपासून लिहून ठेवावंसं वाटलं.

आधीची हिस्टरी

आत्या १८ व्या वर्षी ट्रेनिंगला गेली. तेव्हा सिरिंज काचेच्या, त्या उकळायच्या, सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची, ग्लोव्हज धुवून वाळवून पावडर लावून परत वापरायचे, थर्मामीटर पाऱ्याचं आणि बीपीचं मशीनही पाऱ्याचं. तिचे कान अजून त्या पाऱ्याच्या बीपीला सरावलेत, डिजिटल मशीननं आकडा दाखवला तरी ती स्टेथो लावून एकदा स्वतः ऐकणारच. नोकरी ४० वर्षं, त्यातल्या नाईट कुणी मोजल्याच नाहीत. ५८ ला रिटायर झाली, म्हणजे ते नुसतं कागदावर.

रिटायर झाल्यापासून आजपर्यंत २६ वर्षं ती आसपासच्या घरांची नर्स आहे. कुणाचं ड्रेसिंग, कुणाला इन्सुलिन कसं घ्यायचं ते दाखवणं, बाळंतीण घरी आली की बाळाला छातीशी कसं धरायचं ते शिकवणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी ब्लॉक झाली की रात्री अपरात्री जाणं, आणि माणूस शेवटच्या दिवसांत असेल तर घरातल्यांच्या सोबत बसून राहणं. हे शेवटचं काम फार कमी लोकांना जमतं. तोंड कोरडं पडतंय तर ओल्या कापसानं ओठ पुसा, श्वास घरघरतोय तर कुशीवर वळवा, ऐकू बहुतेक शेवटपर्यंत येतं तेव्हा बोलत रहा, एवढंच सांगायची पण ज्या आवाजात सांगायची त्यानं घर शांत व्हायचं.

ती ६६ ची असताना आत्याच्या यजमानांना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढची ९ वर्षं तिनं त्यांचं सगळं केलं, दर २ तासांनी कूस बदलायची, रात्री पण, अलार्म न लावता उठायची, आणि नऊ वर्षांत एकही बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, नाही. हे ती अजूनही सांगते आणि सांगताना जरा ताठ बसते, बरोबरच आहे, ज्यानं अंथरुणाला खिळलेला पेशंट सांभाळलाय त्याला कळेल ते किती अवघड आहे. यजमानांचं वजन ७२ किलो, हिचं पन्नासच्या आसपास, आणि बहुतेक वेळा उचलणारी ती एकटीच.

इथेच पुढच्या सगळ्याचं मूळ आहे म्हणून थोडं थांबते. पेशंट हातानं उचलण्याची सुरक्षित मर्यादा किती असावी यावर थॉमस वॉटर्स या संशोधकानं २००७ साली हिशोब मांडला, तो ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो, आणि तोही सगळी परिस्थिती सोयीची असताना. आम्ही सगळ्या नर्सेस ही मर्यादा एका शिफ्टमध्ये किती वेळा ओलांडतो त्याला गणतीच नाही. पाठ दुखणं हा आमच्यात आजार मानतच नाहीत, वयाबरोबर केस पांढरे होतात तशी नर्सची पाठ दुखते असं धरून चालतात. आत्याची पाठ तेव्हापासून दुखायला लागली आणि तिनं तेव्हापासून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी सुरू केली. स्वतःच. आधी कधीतरी एक, मग दिवसाला एक, गेल्या दोन वर्षांत दिवसाला दोन. कुणाला दाखवलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही, आणि ती तर सगळ्यांच्या गोळ्यांची माहीतगार.

बाकी हिस्टरीत बीपी २० वर्षांपासून, त्याला टेल्मिसार्टन चालू. शुगर नाही. पडल्याची नोंद नाही (ही नोंद चुकीची निघाली, ते पुढे येतंय).

वही

तिच्याकडे एक जाड वही आहे. दर मंगळवारी संध्याकाळी ती ११ घरांत फिरायची, बीपी बघायची, ज्यांना शुगर आहे त्यांची शुगर, गोळ्या संपत आल्यात का, पायाला जखम आहे का. प्रत्येक माणसाला एक पान, वर वय, खाली तारखा आणि आकडे, समासात बारीक अक्षरात शेरे, "चक्कर येते म्हणाले", "गोळी दोन दिवस चुकली", "सुनेशी भांडण, बीपी वाढलेलं, पुन्हा बघणे". एकूण ३१ पानं. त्या वहीवरून दोन माणसांचे स्ट्रोक वेळेत पकडलेत आणि एका गरोदर मुलीचं वाढलेलं बीपी सातव्या महिन्यात पकडलंय, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

३१ पानांत आत्याचं पान नव्हतं.

ती रात्र

कामासाठी मी तिच्या घरी मुक्कामाला होते. रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तर ती खुर्चीत बसून झोपलेली, पाठीला दोन उशा, पाय स्टुलावर. तशी ती खुर्ची, उशा, पांघरूण हे मी गेले तीन महिने प्रत्येक वेळी आले की बघत होते आणि दुपारी बसायला ठेवलंय असं समजत होते.

"आत्या, इथे का झोपलीस?"

"आडवं पडलं की पाठ आखडते गं. तू झोप, सकाळी काम आहे ना तुला."

उत्तर एकदम पटण्यासारखं होतं, तिची पाठ दुखते हे सगळ्यांना माहीत, आणि मी वळले सुद्धा. पण तेवढं वाक्य बोलताना ती मध्ये दोनदा थांबली होती. मी परत येऊन शेजारी बसले आणि गप्पा मारायच्या निमित्तानं तिचा श्वास मोजायला लागले. पेशंटला न सांगता मोजायचा असतो, सांगितलं की माणूस श्वास बदलतो, हे मला तिनंच शिकवलं होतं माझ्या ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी. अर्धा मिनिट झाला असेल नसेल, डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली,

"मोजू नकोस. चोवीस आहे."

तिला माहीत होतं.

मग मी दिवा लावला आणि वॉर्डात बघतो तसं सगळं बघितलं. पल्स ९६, श्वास मिनिटाला २४, म्हणजे जास्त, बीपी १६८/७४, ऑक्सिजन ९२. दोन्ही पायांना सूज, नडगीवर अंगठा दाबून धरला तर चांगला खड्डा पडला आणि बराच वेळ भरला नाही. मानेची शीर फुगलेली. छातीच्या खालच्या भागात दोन्हीकडे बारीक चरचर. आडवं पडलं की दम लागतो म्हणून उशा वाढत जातात आणि शेवटी माणूस बसून झोपतो, हे हार्ट फेल्युअरचं इतकं ओळखीचं लक्षण आहे की आम्ही पेशंटला पहिला प्रश्नच "किती उशा घेता?" हा विचारतो. आत्याला मी तो विचारला नव्हता. तिची पाठ दुखते म्हणून.

हॉस्पिटलमध्ये

सकाळी अ‍ॅडमिट केलं. वजन ६१.४ किलो. आधीचं वजन कुणालाच सांगता येईना कारण लिहिलेलं कुठेच नव्हतं. इकोमध्ये हृदयाचं पंपिंग म्हणजे ईएफ ५८ टक्के, नॉर्मल, पण डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि वरचा डावा कप्पा मोठा झालेला. इथे घरच्यांचा गोंधळ झाला, पंपिंग चांगलं आहे तर फेल्युअर कसं? तर हृदय आकुंचन नीट पावतं पण ताठर झाल्यामुळे सैल पडून पुरेसं भरत नाही, मग मागे प्रेशर वाढून पाणी फुफ्फुसात आणि पायात साठतं. वय झालेल्या, वर्षानुवर्षं बीपी असलेल्या बायकांमध्ये हा प्रकार भरपूर दिसतो आणि दम लागणं "वयामुळे" म्हणून सोडून दिलं जातं.

रक्ताचे रिपोर्ट: क्रिएटिनिन १.९, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं, पोटॅशियम ५.४, वाढलेलं, हिमोग्लोबिन ९.६, कमी.

डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी आणायला सांगितली. पिशवी म्हणजे खरंच सगळी पिशवी, नुसती यादी चालत नाही, आणि ही सवय प्रत्येक वॉर्डानं लावून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पिशवीत डायक्लोफिनॅकच्या ७ पट्ट्या निघाल्या. आणि फ्युरोसेमाइड, म्हणजे पाणी काढायची गोळी, जी तिला कुणी लिहून दिली नव्हती. विचारल्यावर सरळ सांगितलं, पाय जास्त सुजले की अर्धी घेत होते.

मग सगळं उलगडलं. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते, बीपी चढतं, बीपीची गोळी असून नसल्यासारखी होते, सूज येते. त्यात टेल्मिसार्टन आणि फ्युरोसेमाइड जोडीला असलं की या तिघांचा मिळून किडनीवर मार बसतो. पोटाच्या आतल्या अस्तराला जखमा होऊन थोडं थोडं रक्त जात राहतं, हिमोग्लोबिन उतरतं, आणि आधीच दमलेल्या हृदयाला आणखी पळावं लागतं. म्हणजे ९ वर्षं यजमानांना उचलून पाठ गेली, पाठीसाठी गोळी, गोळीनं किडनी, बीपी, रक्त, आणि शेवटी हृदय. आणि हृदयामुळे बसून झोपायची वेळ आली तर त्याला कारण काय सांगितलं, पाठ.

डायक्लोफिनॅक बंद. शिरेतून फ्युरोसेमाइड, रोज क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघत. टेल्मिसार्टन किडनी सावरेपर्यंत थांबवलं. पाच दिवसांत वजन ५६.२ वर आलं, म्हणजे ५ किलोच्या वर नुसतं पाणी होतं अंगात. चौथ्या रात्री ती एका उशीवर आडवी झोपली. किडनी स्थिरावल्यावर एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केलं, ती मूळची शुगरची गोळी, पण २०२१ सालच्या मोठ्या चाचणीनंतर पंपिंग नॉर्मल असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये पण देतात, शुगर नसली तरी.

गोळी बंद केल्यावर पाठदुखी उफाळली तेव्हा कुठे कुणीतरी पाठीचा एक्स-रे काढला. कण्याचे दोन मणके दबलेले, जुने फ्रॅक्चर, हाडं ठिसूळ. १५ वर्षं "नर्सची पाठ" म्हणून जी दुखत होती ती मोडलेली होती. विचारता विचारता निघालं की यजमान होते तेव्हा एकदा त्यांना सावरताना ती त्यांच्यासकट खाली बसली होती, जोरात. "पडले नव्हते, बसले होते" असं तिचं म्हणणं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला त्यांची आंघोळ घातली होती तिनं.

अ‍ॅडमिट असतानाच एका दुपारी मी तिला विचारलं, रागानंच विचारलं खरं तर, की तुला कळत होतं सगळं तर बोलली का नाहीस. बराच वेळ खिडकीकडे बघत होती. मग म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही मला पेशंट केलं असतं. मग मंगळवार कोण करणार?" आणि थोड्या वेळानं, "आणि पेशंटकडे कोण येतं गं बीपी दाखवायला."

घरी आणल्यावर आमचं चुकलं

आम्ही सगळ्यांनी तिला पेशंटच केलं. चुकून पण नाही, ठरवून, प्रेमानं. मुलानं वही कपाटात ठेवली, फोन सायलेंटवर, आसपासच्यांना निरोप की महिनाभर कुणी येऊ नका. सुनेनं रजा घेतली. गोळ्या सून देणार, आंघोळ सून घालणार, बाथरूमला जायचं तर हाक मारायची. मी यात सामील होते, उलट गोळ्यांचा तक्ता मीच करून दिलेला.

नऊ दिवसांत ती अर्धी झाली. काही विचारलं की "बरं आहे". जेवण कमी, बोलणं कमी, दिवसभर भिंतीकडे तोंड. आणि सातव्या ते नवव्या दिवसात वजन ५६.२ वरून ५८ वर गेलं, म्हणजे ३ दिवसांत १.८ किलो. शोधल्यावर पाण्याच्या तीन गोळ्या उशीखाली सापडल्या. ज्या बाईनं लोकांना गोळी चुकवू नका म्हणून आयुष्यभर रागावलं तिनं गोळ्या लपवल्या. कारण साधं होतं, ती गोळी घेतली की सकाळभर सात-आठ वेळा लघवीला जावं लागतं आणि प्रत्येक वेळी सुनेला हाक मारायची. तिच्यानं ते होईना. "मी हजारो जणांना बेडपॅन दिलाय, घेता येत नाही मला," असं ती सुनेला नाही, मला म्हणाली, आणि सून दाराबाहेर उभी होती तिनं ऐकलं.

सुनेबद्दल पण लिहायला हवं, कारण अशा केसमध्ये तिचं कुणी लिहितच नाही. ती नोकरी करते, घर बघते, आणि सासू नर्स असल्यामुळे आपण जे करू ते कमीच पडणार या भीतीत होती. चादर ओढताना कोपरा नीट दुमडला नाही तर आई बघतात, म्हणाली. मी तिला काळजीवाहू माणसावरचा ताण मोजायचा २२ प्रश्नांचा फॉर्म, झॅरिट यांनी तयार केलेला, भरायला दिला, आणि तो भरता भरता ती रडायला लागली. स्कोअर काय आला ते महत्त्वाचं नाही. पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं होतं.

मग काय बदललं

नर्सिंगच्या अभ्यासात डोरोथिया ओरेम यांची सेल्फ-केअरची थिअरी असते, आम्ही परीक्षेपुरती पाठ केलेली. त्यात तीन पायऱ्या आहेत, पेशंटचं सगळं नर्सनं करायचं, काही नर्सनं काही पेशंटनं, किंवा पेशंटनंच करायचं आणि नर्सनं शिकवायचं, आधार द्यायचा. माणसाला जितकी गरज आहे तितकंच करायचं हा त्याचा गाभा. आम्ही आत्याला पहिल्या पायरीवर बसवलं होतं आणि ती होती तिसऱ्या पायरीवर, फार तर दुसऱ्या. हे मला बसमध्ये बसल्या बसल्या एकदम लक्षात आलं आणि मी त्याच संध्याकाळी जाऊन कपाटातून वही काढली.

३२ वं पान उघडलं, वर तिचं वय लिहिलं, आणि वही तिच्या हातात दिली. म्हणलं, आत्या, या पेशंटची केस तू घे. माझ्याच्यानं होत नाही, पेशंट ऐकत नाही माझं.

तिनं पान बघितलं, चष्मा मागितला. पहिला प्रश्न, "आजचं वजन किती वाजता घेतलं?" मी सांगितलं दुपारी. "मग ते धरायचं नाही." रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, तशाच हलक्या कपड्यात, त्याच काट्यावर, असं तिनंच खाली लिहिलं. २ दिवसांत १ किलो किंवा आठवड्यात २ किलोच्या वर वाढलं तर डॉक्टरांना फोन, हे डॉक्टरांनी डिस्चार्जला सांगितलं होतं, ते तिनं लाल पेननं लिहून चौकट केली.

तेव्हापासून रोज रात्री ८ ला आमची ओव्हर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक शिफ्ट संपून दुसरी लागते तेव्हा पेशंटची सगळी माहिती पुढच्या नर्सला द्यायची त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. मी फोन करते, ती ओव्हर देते. "बेड नंबर एक. वजन ५६.८. बीपी १४२/७०. रात्री एकच उशी. लघवीला रात्री दोनदा उठली. सूज घोट्यापर्यंत, खड्डा अगदी हलका. तक्रार पाठीची, पॅरासिटामॉल दिलंय ठरल्या वेळेला." स्वतःबद्दल ती असं दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलते. पहिले काही दिवस मला ते ऐकताना कसंतरी व्हायचं. पण तिला "मला दम लागतोय" म्हणता येत नाही, "पेशंटला दम लागतोय" म्हणता येतं, तर तसं म्हणू दे, माहिती खरी येतेय हे मोठं.

बाकीचे बदल छोटे छोटे. पाण्याची गोळी सकाळी लवकर, रात्री मुळीच नाही, म्हणजे झोपमोड आणि अंधारात पडायची भीती कमी. बेडपासून बाथरूमपर्यंत भिंतीला धरायला दांडा, रात्रीचा बारीक दिवा, कमोडला उंच सीट, त्यामुळे हाक मारायची गरजच संपली. आंघोळ ती स्वतः करते, खुर्चीवर बसून, पाठ तेवढी सून चोळते आणि ते दोघींनी आपसात ठरवलं, त्यात मी नव्हते. मिठाचं प्रमाण सगळ्या घराचंच कमी केलं, तिच्यासाठी वेगळं काही नाही. पाठीला पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला आणि दिवसाची मर्यादा न ओलांडता, शेक, फिजिओनं दिलेले दोन व्यायाम, आणि हाडांसाठी दर ६ महिन्यांनी एक इंजेक्शन. पाठ थांबली नाही पूर्ण. दहापैकी सात असायची ती आता चार असते, हे तिनं दिलेले मार्क.

मंगळवारचं

हा भाग सगळ्यात अवघड होता आणि याला दोन महिने लागले. ती फिरू शकणार नाही हे तिला मान्य, पण बंद करायचं हे मान्य नाही. मी तिला नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलचं उदाहरण दिलं, क्रिमियाच्या युद्धाहून १८५६ ला परत आल्यावर ती आजारी पडली आणि नंतर वर्षानुवर्षं बिछान्यातून काम केलं, अहवाल लिहिले, पत्रं लिहिली, १९१० साली गेली तेव्हा ९० वर्षांची होती. आत्या म्हणाली, "तिच्या हाताखाली माणसं होती." मग आम्ही माणसं शोधायला लागलो.

शेजारची एक १६ वर्षांची मुलगी आहे, तिच्या आजीचं पान वहीत नंबर चार. तिला आत्यानं शिकवायला घेतलं. लोक आता मंगळवारी आत्याकडे येतात, ती खुर्चीत, मुलगी मशीन लावते. आधी ५ मिनिटं शांत बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाहीत, पाठ टेकलेली, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नाही, आणि मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटानं परत एकदा. ही साधी गोष्ट किती ठिकाणी चुकीची करतात ते आम्ही रोज बघतो, ही पोरगी तीन आठवड्यांत शिकली. ज्यांना येणं शक्य नाही अशा चार घरांत ती मुलगी आणि आत्याचा मुलगा जातात, आकडे घेऊन येतात, आत्या वहीत उतरवते आणि कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते सांगते. इंजेक्शन आणि कॅथेटर मात्र बंद केलं, ते मीच ठामपणे सांगितलं, त्यासाठी नोंदणी असलेली, हात स्थिर असलेली नर्स हवी. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कॅनडातल्या कॅथरीन वॉर्ड-ग्रिफिन या नर्स संशोधकानं नर्सेसच्या या दुहेरी ड्युटीवर काम केलंय, म्हणजे नोकरीत पण सेवा आणि घरी पण सेवा, आणि घरच्यांचीही अपेक्षा की तू नर्स आहेस तर तूच बघ. मला त्यातलं सगळं ओळखीचं वाटलं. आमच्या घरात कुणाला काही झालं की पहिला फोन आत्याला, गेली ६० वर्षं. तिला कधी कुणी उलटा फोन करून तुझं बीपी किती असं विचारलं नाही, मी सुद्धा नाही. तिची माहिती जास्त म्हणून तिची तपासणी कमी, असं झालं. डॉक्टरकडे ती बीपीच्या गोळीसाठी वर्षातून एकदा जायची तिथेही तिला "सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं" म्हणून पुढे पाठवायचे, कपडे, चप्पल सकट वजन पण कुणी घेतलं नाही. हा मान आहे हे खरं, पण त्या मानापायी तिची एक पण नीट हिस्टरी घेतली गेली नाही.

आज काय स्थिती

१४ महिने झाले. परत अ‍ॅडमिट करावं लागलं नाही. क्रिएटिनिन १.३, हिमोग्लोबिन ११.२. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसायला तिला १९ सेकंद लागतात, १२ च्या वर गेलं की पडायचा धोका धरतात, त्यामुळे वॉकर घे म्हणून आम्ही मागे लागलोय आणि ती घेत नाही. तो वाद चालू आहे. पुढे तब्येत बिघडली तर काय करायचं, व्हेंटिलेटर नको, आयसीयूमध्ये एकटं नको, हे तिनं डॉक्टरांसमोर बोलून लिहून दिलंय, मुलाच्यानं ते वाचवेना पण सही त्यानं केली.

तिनं सांगितलेल्या तीन दुरुस्त्यांपैकी एक अशी, मी आधी "तिनं आयुष्य वाहून घेतलं" असं लिहिलं होतं, ते तिनं काढायला लावलं. म्हणाली, "रोज गेले एवढंच लिही."

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ६ ला माझा फोन वाजला. आत्या. एरवी ती इतक्या लवकर कुणाला उठवत नाही. "काल ५६.६ होतं, आज ५७.९ आहे. पायावर खड्डा पडतोय. रात्री दोन उशा घेतल्या मी." मी घेतल्या, म्हणाली, पेशंटनं नाही. "डॉक्टरांना विचार आज गोळी वाढवायची का, आणि येताना जरा लवकर ये." डॉक्टरांनी ३ दिवस डोस वाढवायला सांगितला, बुधवारी सकाळी वजन ५६.४.